निमंत्रणपत्रिकांचे दप्तर

निमंत्रणपत्रिकेचे आयुष्य फार अल्प असते. लग्नपत्रिका घरी येते, तिच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लागलेले असते, घरातील वडीलधारी माणसे मुहूर्ताची वेळ पाहून घेतात. आणि मुहूर्त टळला की तीच पत्रिका किराण्याची यादी लिहिण्यास पाठकोरा कागद म्हणून उपयोगी पडते. चित्रप्रदर्शनाच्या पत्रिकेचे दैव याहून निराळे नाही. किंबहुना लग्नपत्रिका एखादी आजी तरी हौसेने ट्रंकेत जपून ठेवते. प्रदर्शनाची पत्रिका मात्र उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जमा होते. अशा या अल्पायुषी कागदाला कलेच्या इतिहासात काही स्थान आहे काय, आणि असल्यास तो कसा जपावा, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ही पत्रिका असते तरी कशी, ते पाहू. साधारणतः तळहाताएवढे एक जाड कार्ड. एका बाजूस एखाद्या चित्राची प्रतिकृती, दुसऱ्या बाजूस चित्रकाराचे नाव, प्रदर्शनाचा विषय, कलादालनाचा पत्ता, उद्घाटक पाहुण्यांचे नाव, दिवस, तारीख आणि वेळ. याव्यतिरिक्त बहुधा काही नसते. परंतु एवढ्या ओळींत 'कोण, काय, कोठे आणि केव्हा' या चारही प्रश्नांची उत्तरे एकत्र आलेली असतात, आणि इतिहास लिहू पाहणाऱ्याला प्रथम हेच चार प्रश्न सोडवावे लागतात.

असल्या कागदांना पाश्चात्त्य ग्रंथपाल 'एफेमेरा' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एक दिवस टिकणारे' असा आहे. तिकिटे, जाहिराती, नाटकांची हस्तपत्रके, खाद्यपदार्थांची वेष्टने, निमंत्रणे हे सारे या एकदिवशी कुळातले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन (१८८२–१९५६) यांनी असे कागद जन्मभर जमविले. त्यांच्या पश्चात, १९६८ साली, तो संग्रह बॉडलियन ग्रंथालयात आला. आज त्यात दहा लाखांहून अधिक कागद आहेत आणि मुद्रणाचे, व्यापाराचे व लोकजीवनाचे अभ्यासक तो नित्य चाळतात.

परंतु यासाठी इंग्लंडकडेच पाहावयास हवे असे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले आणि त्यांनी जुन्या वाड्यांतील माळ्यांवरून, पेट्यांतून जीर्ण कागद गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरातही कापडी रुमालांत बांधलेले असंख्य कागद आहेत. त्यांत मोठमोठे तहनामे आहेत, तसेच खर्चाचे हिशेब आणि साध्या यादीही आहेत. त्या यादी लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत असे स्वप्नातही वाटले नसेल. तरीसुद्धा त्या काळी धान्याचा भाव काय होता, हे आज आपणांस कळते ते त्याच्याच लेखणीमुळे.

आता चित्रप्रदर्शनाकडे वळू. नाटक संपले तरी संहिता उरते. गायन संपले तरी ध्वनिमुद्रिका उरू शकते. चित्रप्रदर्शन संपल्यावर चित्रे उरतात हे खरे, परंतु प्रदर्शन उरत नाही. भिंतीवर शेजारी शेजारी लावलेली वीस-पंचवीस चित्रे आठवड्याभराने उतरविली जातात. काही विकली जातात, काही चित्रकाराच्या घरी परततात, काही मित्रांना भेट जातात. ती सर्व पुन्हा एका भिंतीवर येणे जवळजवळ अशक्य. मग ती एकदा एकत्र होती, अमुक दिवशी अमुक दालनात लोकांनी ती पाहिली, याला पुरावा कोणता? पाहुण्यांची अभिप्रायवही, वर्तमानपत्रातील परीक्षण, चित्रांची छापील सूची आणि ही पत्रिका. यांपैकी छापील सूची काढण्याची ऐपत प्रत्येक चित्रकाराची नसते. परीक्षण येईलच असेही नाही. पण पत्रिका मात्र गरिबातला गरीब चित्रकारही छापतो.

याचे टोकाचे उदाहरण पॅरिस शहरातले आहे. २८ एप्रिल १९५८ रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, इव्ह क्लाइन या चित्रकाराने इरिस क्लेअर या बाईंच्या छोट्या दालनात एक प्रदर्शन उघडले. दालनातील सामान हलवून त्याने भिंती पांढऱ्या रंगविल्या आणि त्यांवर काहीही टांगले नाही. रिकामे दालन हेच प्रदर्शन! 'पोकळी' या नावाने ते कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. निमंत्रणाच्या पाकिटांवर मात्र त्याने स्वतः तयार केलेले निळ्या रंगाचे तिकीट चिकटविले होते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६० मध्ये, आर्मां या त्याच्या मित्राने तेच दालन टाकाऊ वस्तूंनी खच्चून भरून टाकले आणि निमंत्रण म्हणून कचरा भरलेले मासळीचे पत्र्याचे डबे पाठविले. ते दालन पुढे पुन्हा भरले आणि रिकामे झाले. पण निळ्या तिकिटाची पाकिटे आणि ते पत्र्याचे डबे संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी मौल्यवान म्हणून जपले आहेत. जेथे पाहण्यासारखे काहीच नव्हते, तेथे निमंत्रण तेवढे हाती राहिले.

हे विक्षिप्तांचे खेळ झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आम्ही आपल्या घरचे उदाहरण घेतो, आणि या लेखाचे खरे प्रयोजनही तेच आहे. गोमंतकाने आधुनिक भारतीय चित्रकलेला जी माणसे दिली, त्यांपैकी पुष्कळांचे कार्य गोव्याच्या बाहेर घडले. आंतोनियु झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) सांग्याचे; त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापन केले. आंजेलु द फोन्सेका (१९०२–१९६७) सांत इस्तेव्हचे. त्यांचे वास्तव्य आणि देहावसान पुण्यात. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४ साली साळगावात झाला. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते एक प्रवर्तक होते आणि १९४९ साली ते लंडनला गेले. मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१) १९५१ पासून सुमारे दहा वर्षे पॅरिसमध्ये राहिले व तेथे त्यांनी प्रदर्शने भरविली. पुढे ते पणजीच्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे आमच्या चित्रकलेचा इतिहास मुंबईत, पुण्यात, लंडनला आणि पॅरिसला घडला, आणि त्याचे कागदही तेथेच विखुरले. एखाद्या गोमंतकीयाच्या पॅरिसमधील प्रदर्शनाची पत्रिका फ्रेंच भाषेत छापलेली असणार आणि ती तेथल्याच कोणाच्या टपालपेटीत पडलेली असणार. ती नष्ट झाली तर आमच्या इतिहासाचे एक पान नष्ट झाले. आणि ते पान होते, हेही आम्हांला कळणार नाही.

शिवाय वर आम्ही ज्यांची नावे घेतली ते नामांकित लोक आहेत. त्यांची चित्रे संग्रहालयांत आहेत, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांचे स्मरण पत्रिकेविनाही राहील. ज्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचा उल्लेख केला, त्याच्या सहा संस्थापकांपैकी सूझा, हुसेन आणि रझा ही नावे आपण नेहमी ऐकतो. आरा, गाडे आणि बाकरे ही नावे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत? आणि ज्यांची नावे कोठेच आली नाहीत, त्यांचे काय? तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकविणारा आणि आयुष्यात एकदाच पदरमोड करून प्रदर्शन भरविणारा शिक्षक. संसार सांभाळून चित्रे रंगविणारी आणि एखाद्या सभागृहात ती दोन दिवस मांडणारी गृहिणी. यांच्या नावे पुष्कळदा एकच छापील कागद असतो. तो कागद म्हणजे त्यांची निमंत्रणपत्रिका होय. थोरांच्या चरित्रात पत्रिका ही तळटीप असेल. यांच्या बाबतीत तीच संपूर्ण चरित्र असते.

मात्र पत्रिका वाचणे हेही एक शास्त्र आहे. तिच्यात एक मोठा दोष हटकून आढळतो. तिच्यावर वार असतो, तारीख असते, महिना असतो. पण वर्ष नसते! छापणाऱ्याला वाटते, 'चालू वर्षीचेच प्रदर्शन, ते वेगळे काय सांगायचे?' ज्यास निमंत्रण मिळाले त्याला वर्ष ठाऊक होते. पन्नास वर्षांनी ती हाती घेणाऱ्याला ते शोधून काढावे लागते. कसे, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो.

समजा, एका पत्रिकेवर 'सोमवार, दि. ५ मार्च' एवढेच छापले आहे आणि खाली पत्ता आहे 'बेळगाव ५९०००१, म्हैसूर राज्य'. ५ मार्चला सोमवार दरवर्षी येत नाही. १९६० ते १९९० या काळात तो १९६२, १९७३, १९७९, १९८४ आणि १९९० या पाचच वर्षी आला. आता पत्त्यातील सहा आकडे पाहा. हा पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तेव्हा १९६२ बाद झाले. पुढे 'म्हैसूर राज्य' हे नाव पाहा. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव 'कर्नाटक' झाले. तेव्हा १९७९ आणि त्यानंतरची वर्षेही मागे पडली. राहिले एकच वर्ष, १९७३. विद्यार्थिमित्रहो, भूमितीतील सिद्धतेत जो आनंद आहे तोच येथेही आहे. तरी एक सावधगिरी हवी. नवे नाव रूढ झाल्यावरही जुने नाव छापण्याची सवय काही काळ टिकते, म्हणून 'म्हैसूर' हा पुरावा पिनकोडाइतका पक्का नाही. अशा वेळी त्या सुमाराच्या 'तरुण भारत'सारख्या स्थानिक दैनिकाचे अंक चाळून खात्री करून घ्यावी.

कलादालनाचा पत्ताही असाच बोलका असतो. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले; तेव्हा त्याचे नाव असलेली पत्रिका त्यापूर्वीची असू शकत नाही. त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी या दांपत्याने १९६३ साली केमोल्ड हे दालन सुरू केले आणि ते २००७ साली दुसऱ्या जागी गेले. तेव्हा पहिल्या मजल्याचा पत्ता असलेली केमोल्डची पत्रिका या दोन वर्षांच्या दरम्यानची. 'बॉम्बे' की 'मुंबई', 'बेळगाव' की 'बेळगावी', दूरध्वनीचे आकडे किती, पाकिटावर टपालाचा शिक्का कोणत्या तारखेचा, या प्रत्येक खुणेला अर्थ आहे. यासाठीच पत्रिकेबरोबर तिचे पाकीटही जपावे.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. पत्रिका प्रसंगाच्या आधी छापली जाते. ती काय घडले हे सांगत नाही; काय घडविण्याचा बेत होता हे सांगते. पाहुणे ऐन वेळी आले नसतील, पावसामुळे उद्घाटन पुढे ढकलले असेल, चित्रांची संख्याही बदलली असेल. म्हणून पत्रिकेच्या साक्षीला परीक्षणाची, छायाचित्राची किंवा अभिप्रायवहीची जोड मिळाली तरच निकाल द्यावा. कोणी शाईने वेळ खोडून नवी लिहिली असेल तर ती खोडाखोड पुसू नये. तीही साक्षच आहे.

आता जतनाविषयी. दप्तर लावणाऱ्यांचा एक जुना नियम आहे, आणि १८४१ साली फ्रान्सच्या सरकारने तो अधिकृतपणे घालून दिला: एका ठिकाणाहून आलेले कागद दुसऱ्या ठिकाणच्या कागदांत मिसळू नयेत. एखाद्या कलादालनाने जपलेला गठ्ठा आणि एखाद्या रसिकाने जपलेला गठ्ठा, दोन्हींत तीच पत्रिका असली तरी दोन्ही स्वतंत्र ठेवाव्यात. पहिला गठ्ठा दालनाने काय केले ते सांगतो. दुसरा त्या रसिकाला कोणी बोलाविले आणि त्याने काय जपण्याजोगे मानले ते सांगतो. आमच्या घरच्या कोकणीत निमंत्रणाला 'आपोवणें' म्हणतात, म्हणजे हाक मारणे. हाक कोणी मारली याइतकेच ती कोणाला मारली हेही महत्त्वाचे आहे.

कागदाचे शत्रू आपल्या दमट किनाऱ्यावर पुष्कळ. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. कागदाला मानवते ती सुमारे पन्नास टक्के. ओलीने बुरशी धरते, कसर आणि वाळवी लागते, आणि टाचणी व पिना गंजून कागदाला भोक पाडतात. म्हणून पहिले काम म्हणजे सर्व टाचण्या, पिना आणि रबराची बंधने हळुवारपणे काढून टाकणे. हलका कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील आम्ल त्यालाच आतून खाते व तो पिवळा पडून तुटतो. अशा कागदाशेजारी चांगले कार्ड ठेवू नये. मध्ये आम्लरहित कागदाची घडी घालावी. चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांनी तपकिरी डाग होऊन उरतो. प्लॅस्टिकचे कायमचे आवरण चढवून कागद 'सुरक्षित' करण्याची हौस तर अत्यंत घातक. ते आवरण पुन्हा काढता येत नाही. नोंद करावयाची ती मागील बाजूस मऊ पेन्सिलीने. खोका भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर न ठेवता कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवावा आणि पावसाळा सरताच उघडून पाहावा. या कामाला द्रव्य फारसे लागत नाही, चिकाटी लागते.

त्यानंतर नोंदवही. प्रत्येक पत्रिकेला एक क्रमांक. त्यापुढे चित्रकार, दालन, गाव, तारीख. वर्ष अनुमानाने ठरविले असल्यास ते चौकटी कंसात. आणि शेवटी ही पत्रिका आपणांकडे कोणी व केव्हा दिली. हा शेवटचा रकाना पुष्कळांना निरर्थक वाटतो. त्याचे महत्त्व लंडनच्या एका खटल्याने जगाला शिकविले. जॉन ड्र्यू नावाच्या ठकाने दुसऱ्या एका चित्रकाराकडून नामांकितांच्या शैलीतील खोटी चित्रे करवून घेतली आणि ती खरी भासावीत म्हणून खोट्या कागदपत्रांची भर नामवंत संस्थांच्या अभिलेखागारांत गुपचूप घातली. अभ्यासक अभिलेखागारात जाऊन पाहत, तो पुरावा तेथे हजर! १९९९ साली त्याला कारावासाची शिक्षा झाली. परंतु दप्तरावरील विश्वासाला जो तडा गेला तो शिक्षेने सांधला जात नाही. कागद कोठून आला याची नोंद चोख असेल तर असल्या घुसखोरीचा माग काढता येतो.

हे कार्य आज काही संस्था आस्थेने करीत आहेत. हाँगकाँग येथे २००० साली स्थापन झालेल्या एशिया आर्ट अर्काइव्ह या संस्थेने बडोद्याचे ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, के. जी. सुब्रमण्यन आदी कलावंतांनी जपलेल्या कागदांच्या व छायाचित्रांच्या संगणकीय प्रती करून त्या अभ्यासकांना खुल्या केल्या. मूळ कागद ज्याचा त्याच्याकडे राहावा आणि प्रत सर्वांना मिळावी, ही योजना आमच्यासारख्या विखुरलेल्या समाजाला विशेष सोयीची आहे. मात्र पाकिटांवरील खाजगी पत्ते आणि दूरध्वनी अशा प्रतींत झाकून ठेवावेत. ज्याला निमंत्रण आले त्याने आपला पत्ता जगाला दिलेला नव्हता.

परंतु आता एक नवीच अडचण उभी राहिली आहे. पूर्वी पत्रिका छापून उघड्या पाकिटातून बुक पोस्टाने रवाना होत असे. निदान कोठेतरी कागद उरत असे. आज निमंत्रण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्ररूपाने येते, शंभर हातांत फिरते आणि यंत्रातील जागा अपुरी पडली की पुसले जाते. १९६० सालची पत्रिका निदान माळ्यावर सापडू शकते. गेल्या वर्षीची कोठे शोधावी? यावर उपाय एकच: निमंत्रण येताच ते वेगळे काढून, वर्ष, महिना, तारीख, चित्रकार व गाव या क्रमाने त्याला नाव द्यावे, त्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि शक्य तर एक प्रत चांगल्या कागदावर छापून घ्यावी.

विद्यार्थिमित्रांनो, आमची आपणांस एक विनंती आहे. आपल्या घरी, आजोळी, शेजारी जुन्या पत्रिका असतील; प्रदर्शनांच्या, नाटकांच्या, भजनी सप्ताहांच्या, तियात्रांच्या. घर रंगविण्याच्या वेळी त्या रद्दीत जाण्यापूर्वी एकदा पाहा. मालकाची परवानगी घ्या, त्यांना विचारून चार ओळींची माहिती लिहून ठेवा आणि शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. शाळेत दरवर्षी जे चित्रप्रदर्शन भरते, त्याच्या पत्रिकेची एक प्रत, वर्ष घालून, ग्रंथालयाच्या कपाटात जमा व्हावी, असा नियम आपणच केला तर त्यासाठी कोणाकडे अनुदान मागावे लागणार नाही. त्या पत्रिकेवर आज ज्या मुलामुलींची नावे असतील, त्यांपैकी कोण पुढे मोठा चित्रकार होईल हे आम्हांस सांगता येत नाही. आणि कोणी झाला नाही तरी त्यांनी त्या वर्षी चित्रे काढली होती, एवढे तरी पुढच्यांना कळावे.